वॉशिंग्टनातले ५३५ आणि राज्यातला एक

लुईझियानात जानेवारी २०१६ मध्ये एका सहीने जे झालं, ते त्या राज्याचे वॉशिंग्टनातले सहा प्रतिनिधी आणि दोन सिनेटर एकत्र येऊनही करू शकले नसते. मेडिकेड ही कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना. २०१० च्या आरोग्य कायद्याने अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, तिची पात्रता दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्के उत्पन्नापर्यंत वाढवली आणि ती सगळ्या राज्यांवर बंधनकारक केली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती काढली, आणि चेंडू राज्यांकडे गेला. लुईझियानाचे तेव्हाचे गव्हर्नर बॉबी जिंदाल यांनी विस्ताराला नकार दिला. त्यांच्यानंतर आलेले जॉन बेल एडवर्ड्स यांनी शपथविधीच्या दुसऱ्याच दिवशी विस्ताराचा आदेश काढला. त्याच वर्षी १ जुलैपासून विमा लागू झाला आणि लाखो लोकांची नावं नोंदली गेली. कायदा तोच, केंद्राचा पैसा तोच. बदलला फक्त गव्हर्नर.

मेन राज्यात तर याहून पुढची गोष्ट घडली. तिथल्या विधिमंडळाने विस्तार पुन्हा पुन्हा मंजूर केला आणि गव्हर्नर पॉल लपाज यांनी तो पाच वेळा फेटाळला. नोव्हेंबर २०१७ मध्ये जनमत घेतलं गेलं, सुमारे ५९ टक्के मतदारांनी होकार दिला, तरीही अंमलबजावणी रखडलेलीच राहिली. जानेवारी २०१९ मध्ये जॅनेट मिल्स गव्हर्नर झाल्या आणि त्यांच्या पहिल्याच आदेशाने ती सुरू झाली.

तरीही अमेरिकेतल्या आपल्या लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निवडणुकीच्या गप्पा निघाल्या की त्या अध्यक्ष आणि काँग्रेसपाशीच फिरतात. गव्हर्नर कोण होतोय, हा प्रश्न मागे पडतो. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून थोडं तपशिलात लिहितो.

आधी एक खुलासा, भारतातल्या वाचकांसाठी. अमेरिकेतला गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो. तो थेट लोकांच्या मतांनी निवडून येतो आणि काम मुख्यमंत्र्याचं करतो, पण विधिमंडळात बहुमत नसलं तरी त्याची खुर्ची जात नाही. मुदत चार वर्षांची. फक्त न्यू हॅम्पशायर आणि व्हर्माँटमध्ये दोन. उलट प्रतिनिधिगृहातला सदस्य ४३५ पैकी एक आणि सिनेटर १०० पैकी एक. सभागृहात बहुमत नसलेल्या पक्षाच्या प्रतिनिधीला स्वतःचं विधेयक मतदानापर्यंत नेणंही बहुतेकदा जमत नाही.

गव्हर्नरची खरी ताकद अंदाजपत्रकात दिसते. बहुतेक राज्यांत अंदाजपत्रकाचा पहिला मसुदा तोच मांडतो, आणि व्हर्माँट सोडलं तर जवळपास सगळ्या राज्यांना ते समतोल ठेवणं कायद्याने भाग आहे. तूट कर्जावर ढकलण्याची वॉशिंग्टनची सोय राज्यांना नाही. त्यामुळे मंदी आली की शाळा, रस्ते आणि विद्यापीठं यांपैकी कात्री कशाला लावायची हे त्याच वर्षी ठरवावं लागतं. त्यात ४४ राज्यांच्या गव्हर्नरांना खर्चाच्या विधेयकातली एखादीच बाब खोडून बाकीचं मंजूर करता येतं. अमेरिकेच्या अध्यक्षालाही हा अधिकार नाही. १९९६ मध्ये काँग्रेसने तो दिला होता, पण १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला.

हा अधिकार किती ताणता येतो ते विस्कॉन्सिनमध्ये पाहावं. तिथल्या गव्हर्नरला अंदाजपत्रकातले शब्दच नव्हे, आकडेही खोडता येतात. २०२३ च्या विधेयकात शाळांना दर विद्यार्थ्यामागे ३२५ डॉलर जास्त महसूल उभा करण्याची परवानगी दोन वर्षांसाठी, म्हणजे '२०२४-२५' पर्यंत होती. गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी त्यातले '२०' आणि मधली आडवी रेघ खोडली. उरलं '२४२५'. दोन वर्षांची परवानगी चारशे वर्षांची झाली. विधिमंडळाला ते उलटवायला दोन तृतीयांश मतं हवी होती, ती नव्हती. एप्रिल २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी हे वैध ठरवलं. ३२५ डॉलर ही वाढलेली मर्यादा आहे, अनुदान नव्हे. राज्याने तेवढी मदत दिली नाही, तर शाळामंडळ ती रक्कम घरपट्टीतून काढू शकतं. म्हणजे त्या खोडलेल्या दोन आकड्यांचा भार अखेर घरमालकांवर येऊ शकतो.

पण सगळे गव्हर्नर इतके ताकदवान नसतात. 'गव्हर्नर मोठा की खासदार' असं सरसकट विचारण्यात म्हणूनच अर्थ नाही. आधी राज्य विचारावं. नॉर्थ कॅरोलायनाच्या गव्हर्नरला १९९६ च्या घटनादुरुस्तीपर्यंत कोणतंही विधेयक फेटाळण्याचा अधिकारच नव्हता. आज आहे, पण अंदाजपत्रकातल्या सुट्या बाबी खोडता येत नाहीत आणि मतदारसंघांच्या नकाशाला हात लावता येत नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये, नवे गव्हर्नर जॉश स्टाइन शपथ घेण्याआधीच, विधिमंडळाने निवडणूक मंडळ नेमण्याचा अधिकार गव्हर्नरकडून काढून राज्याच्या लेखापरीक्षकाकडे दिला.

टेक्सासचं चित्र आणखी गुंतागुंतीचं. तिथे राज्याच्या सिनेटवर लेफ्टनंट गव्हर्नरची, म्हणजे उपगव्हर्नरची, पकड असते आणि तो वेगळा निवडून येतो. फाशीची शिक्षा कमी करायची तर गव्हर्नरला राज्याच्या माफी मंडळाची शिफारस लागते; स्वतःहून तो फक्त एकदा तीस दिवसांची स्थगिती देऊ शकतो. मात्र तिथलं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, १४० दिवसांसाठीच भरतं. मधल्या काळात विशेष अधिवेशन बोलावणं आणि त्यात कोणते विषय घ्यायचे हे ठरवणं, या दोन्ही गोष्टी एकट्या गव्हर्नरच्या हातात.

या अधिकाराचं वजन २०२५ च्या उन्हाळ्यात सगळ्या देशाला कळलं. ग्रेग अॅबट यांनी विशेष अधिवेशन बोलावून काँग्रेसच्या मतदारसंघांचा नकाशा दशकाच्या मध्यातच नव्याने आखायला घेतला. रिपब्लिकन पक्षाला पाच जागा जास्त मिळाव्यात हा हेतू. डेमोक्रॅट आमदार गणसंख्या मोडण्यासाठी राज्य सोडून गेले, तेव्हा अॅबट यांनी दुसरं अधिवेशन बोलावलं आणि ऑगस्टमध्ये नकाशावर सही केली. उत्तरादाखल कॅलिफोर्नियाचे गेविन न्यूसम यांनी आपल्या राज्याचा नकाशा बदलण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे नेला आणि नोव्हेंबरमध्ये तो मंजूर झाला. काँग्रेसमध्ये कोण बसणार याची आखणी दोन गव्हर्नर करत होते आणि ज्यांच्या जागा हलत होत्या ते प्रतिनिधी बघत होते.

रिकाम्या जागांचंही तसंच. सिनेटची जागा मध्येच रिकामी झाली, तर बहुतेक राज्यांत गव्हर्नर थेट माणूस नेमतो. प्रतिनिधिगृहाची जागा मात्र निवडणुकीनेच भरते, आणि तारीख गव्हर्नर ठरवतो. ह्यूस्टनचे प्रतिनिधी सिल्व्हेस्टर टर्नर मार्च २०२५ मध्ये वारले. अॅबट यांनी पोटनिवडणूक ४ नोव्हेंबरला ठेवली. त्यात कुणालाच निम्म्याहून जास्त मतं न मिळाल्याने दुसरी फेरी जानेवारी २०२६ अखेर गेली. जवळपास अकरा महिने त्या मतदारसंघाचं मत वॉशिंग्टनात नव्हतं. याच काळात, २२ मे २०२५ ला, कर आणि मेडिकेडचं मोठं विधेयक प्रतिनिधिगृहात २१५ विरुद्ध २१४ असं पार पडलं. ती जागा भरलेली असती तर निकाल फिरलाच असता असं मी म्हणणार नाही. सत्ताधारी पक्षाचे दोन सदस्य त्या वेळी गैरहजर होते, गरज पडली असती तर ते आले असते. पण एका मताच्या फरकाच्या दिवशी एका जागेची किंमत काय, हे वेगळं सांगायला नको.

याच आकड्यांतून दुसरी बाजूही दिसते. काँग्रेसमधला एकटा माणूस कधीकधी गव्हर्नरपेक्षा कितीतरी भारी ठरतो. २८ जुलै २०१७ च्या पहाटे २०१० चा तो आरोग्य कायदा मोडीत काढण्याचा प्रयत्न सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५१ असा हरला, कारण कॉलिन्स, मर्कोव्स्की आणि मॅकेन या तीन रिपब्लिकन सिनेटरांनी विरोधात मत दिलं. त्या रात्री पन्नासही गव्हर्नर फक्त पत्रं लिहू शकत होते.

आपल्या मराठी मंडळींना सर्वात जास्त छळणारा प्रश्न तर संपूर्णपणे काँग्रेसचा आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, त्यात कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. ही रचना १९९० च्या कायद्याची. भारतीयांची रांग दशकांत मोजावी लागते ती त्यामुळे, आणि त्यात कोणताही गव्हर्नर एक आकडा बदलू शकत नाही. मात्र एच-४ वर (एच-१बी कामगाराच्या कुटुंबीयांचा व्हिसा) असलेल्या मुलाला राज्याच्या विद्यापीठात स्थानिक फी लागेल की परराज्याची, डॉक्टर किंवा नर्सच्या परवान्याला किती महिने लागतील, वाहन परवान्याला कोणती कागदपत्रं चालतील, हे राज्याच्या नियमांवर ठरतं. विद्यापीठांच्या आणि परवाना मंडळांच्या बऱ्याच नेमणुका गव्हर्नर करतो.

अडचणीच्या वेळी फोन कुणाला करायचा तेही यावरूनच ठरतं. यूएससीआयएसकडे (केंद्राचं इमिग्रेशन खातं) अडकलेला अर्ज, पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी असेल तर आपल्या प्रतिनिधीच्या किंवा सिनेटरच्या स्थानिक कार्यालयात. तिथे गोपनीयता-संमतीचा अर्ज सही करून द्यावा लागतो. तो नसेल तर सरकारी खातं कार्यालयाला तुमची माहितीच देत नाही, आणि अनेकांचं काम इथेच आठवडाभर अडतं. प्रकरण एकाच कार्यालयात द्यावं. प्रतिनिधी आणि दोन्ही सिनेटर अशा तिन्हीकडे दिलं की विचारणा एकमेकांवर आदळतात. बेकारी भत्ता, मेडिकेड, व्यावसायिक परवाना, वाहन परवाना यांसाठी प्रतिनिधीकडे जाऊन उपयोग नाही. तिथे राज्याचा आमदार किंवा गव्हर्नरचं नागरिक सेवा कार्यालय.

वादळ, पूर आला तर तिसरी वाट. राज्याच्या वतीने मोठ्या आपत्तीची घोषणा अध्यक्षाकडे मागण्याचा अधिकार १९८८ च्या स्टॅफर्ड कायद्याने गव्हर्नरला आहे. घटनेनंतर साधारण तीस दिवसांत अर्ज, त्याआधी नुकसानीची संयुक्त पाहणी, आणि राज्य आपला वाटा उचलेल याची हमी. सार्वजनिक बांधकामांच्या खर्चात केंद्र किमान ७५ टक्के देतं. पाहणीत नुकसान कमी नोंदलं गेलं की अर्ज नाकारला जातो. सिनेटर पाठिंब्याचं पत्र देतात, पण अर्ज त्यांचा नसतो.

आणीबाणीतले अधिकार अमर्याद नसतात, हे करोनाने दाखवलं. ऑक्टोबर २०२० मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांच्या आदेशांचा आधार असलेला १९४५ चा कायदाच रद्द केला. मे २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या मतदारांनी गव्हर्नरच्या आणीबाणीला २१ दिवसांची मर्यादा घातली.

मिशिगनवरून आठवलं: बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये आधी गव्हर्नरपदाच्याच प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या फेरीत, उतरले होते. व्हिटमर जिंकल्या, ठाणेदार तिसरे आले. पुढे राज्य विधिमंडळ आणि २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून काँग्रेस असा त्यांचा प्रवास झाला. उलट दिशेचे प्रवासीही कमी नाहीत. २०२५ मध्ये व्हर्जिनिया आणि न्यू जर्सीत गव्हर्नर म्हणून निवडून आलेल्या अॅबिगेल स्पॅनबर्गर आणि मिकी शेरिल, दोघी काँग्रेसच्या सदस्य होत्या.

नोव्हेंबर २०२६ च्या मतपत्रिकेवर ३६ राज्यांचं गव्हर्नरपद आहे, आणि या खेपेला त्याला एक अगदी ठोस कारण जोडलेलं आहे. वर सांगितलेलं कर आणि मेडिकेडचं विधेयक ४ जुलै २०२५ ला कायदा झालं. त्यानुसार विस्तारातून मेडिकेड घेणाऱ्या प्रौढांना महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा सेवा दाखवावी लागेल. राज्यांना ते १ जानेवारी २०२७ पर्यंत सुरू करायचं आहे. अट काँग्रेसची, तपासणी राज्याची. आर्कान्सॉने २०१८ मध्ये अशीच अट लावली तेव्हा सुरुवातीला नोंद फक्त संकेतस्थळावर करायची होती आणि ते रात्री ९ ते सकाळी ७ बंद असे. काही महिन्यांत १८,००० हून जास्त लोकांचा विमा गेला. त्यांतले बरेच जण काम करत होते, पण नोंद करू शकले नव्हते. पगाराच्या नोंदी सरकारी माहितीतून आपोआप जुळवणार का, फोनवर नोंद चालेल का, आजारपणाची सूट कोण आणि किती दिवसांत देणार, हे तुमच्या राज्यातल्या उमेदवाराला आत्ताच विचारा. प्रतिनिधिगृहाच्या उमेदवाराकडे याचं उत्तर नसेल, कारण ते काम त्याचं नाही.