टर्बो बसला, पण बूस्ट काही आवरेना

जुन्या डिझेल गाडीत व्हीजीटी टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा, आतली पाती हलणारा टर्बो) बसवायचा म्हटलं की जो तो फ्लँज, ऑइल लाइन आणि डाउनपाइपवर बोलतो. बूस्ट कंट्रोलचं, म्हणजे त्या कोंबलेल्या हवेचा दाब आवरण्याचं, विचारलं की मात्र "ते काय, होतंय की" एवढ्यावर भागवतात. ते आपोआप होत नाही. म्हणून हे लिहितोय, आणि लिहिताना अजून डोकं थोडं तापलेलंच आहे.

गाडी पहिल्या पिढीतली सफारी. 1948 सीसीचं आयडीआय (डिझेल आधी छोट्या कप्प्यात फवारणारं, जुन्या पद्धतीचं) इंजिन, मेकॅनिकल डिझेल पंप, ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर हा प्रकारच नाही. मूळ टर्बो वय झाल्यामुळे तेल खायला लागला होता. तसाच दुसरा आणण्याऐवजी नंतरच्या काळातल्या एका 2.2 लिटर कॉमन रेल गाडीचा व्हीजीटी रिकंडिशन करून घेतला. कोल्हापुरात उद्यमनगरात ॲडॉप्टर फ्लँज बनवून मिळाला, पाइपिंग झालं, गाडी सुरू झाली. इथवर तक्रार नाही.

साध्या टर्बोला वेस्टगेट असतो. बूस्ट ठरलेल्या आकड्यावर गेला की जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. व्हीजीटीत ही पळवाट सहसा नसते. टर्बाइनभोवती पाती असतात. पाती मिटली की एक्झॉस्टची वाट अरुंद होते, झोत जोरात आदळतो आणि कमी आरपीएमलाही टर्बो उठतो. उघडली की वाट मोकळी. माझ्या टर्बोवरच्या मूळ ॲक्च्युएटरमध्ये, म्हणजे पाती हलवणाऱ्या डबीत, व्हॅक्यूम दिला की रॉड ओढला जाऊन पाती मिटायची, व्हॅक्यूम गेला की स्प्रिंग ती उघडायची. म्हणजे पाइप निखळला तर गाडी मरगळणार, पण इंजिन वाचणार. विचार करून केलेली रचना आहे ही.

रिकंडिशन करणाऱ्याने नेमकी तीच उलटी केली. "व्हॅक्यूमच्या भानगडीत कशाला पडताय?" म्हणून त्याने वेस्टगेटवर असतो तसला बूस्टवर चालणारा ॲक्च्युएटर लावून दिला. स्प्रिंग पाती मिटून धरणार, बूस्ट आला की तो ढकलून उघडणार. ऐकायला सोपं वाटतं. पण आता पाइप निखळला तर पाती मिटलेलीच राहणार आणि बूस्ट कुठवर जाईल त्याला धरबंध नाही. शिवाय सपाट रस्त्यावर साठच्या स्पीडला, पाय जेमतेम टेकवलेला असतानाही पाती मिटलेली. इंजिन सारखं स्वतःच्याच धुराला ढकलत बसायचं. मायलेज पडलं, आवाज कोंडल्यासारखा झाला. जोरात पाय दिला की बूस्ट गेजची सुई सव्वा बारवर उसळायची, मग पाऊणवर आपटायची. मिस्त्री शेजारी बसले होते. "दादा, सुई लई नाचाय लागलीया," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मूळ व्हॅक्यूम ॲक्च्युएटर परत मागून घेतला (तुम्हीही पहिल्या दिवशीच मागून घ्या, भंगारात जायच्या आत). मग कुठल्याही व्हीजीटीला चालतो म्हणून विकला जाणारा एक तयार कंट्रोलर आणला. बूस्ट मोजायचा, पाहिजे तेवढा आहे का बघायचा आणि त्याप्रमाणे सोलेनॉइडला (विजेवर उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्हला) पल्स देऊन व्हॅक्यूम कमीजास्त करायचा, एवढंच त्याचं काम. खरं अडकलो ते इथे.

साखरप्याकडून आंबा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये गाडी झोके घ्यायची. बूस्ट वर, खाली, पुन्हा वर, आणि सोबत मान पुढे-मागे. विकणाऱ्याला फोन केला की एकच उत्तर: "गेन कमी करा." (गेन म्हणजे बूस्टमधल्या फरकाला कंट्रोलर किती जोरात उत्तर देतो ते.) गेन कमी केला की झोके थांबायचे, पण पाती इतकी उशिरा उघडायची की सुई दीड बार ओलांडायची. तक्रार केली तर "गेन थोडा वाढवा." काही दिवसांनी फोन उचलणंही बंद झालं. एका ट्यूनरकडे गेलो. त्याने लॅपटॉपची वायर हातात धरूनच विचारलं, "ओबीडी पोर्ट कुठाय?" लॅपटॉप जोडायचं ते तोंडच या गाडीला नाही म्हटल्यावर वायर गुंडाळून ठेवली.

कोडं सुटलं ते साध्या गेजने. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला भोक पाडून तांब्याची बारीक नळी काढली, उष्णता उतरावी म्हणून तिचे चार-पाच वेटोळे केले आणि टोकाला 4 बारचं प्रेशर गेज बांधून ते काचेसमोर चिकटवलं. त्या चढावर बूस्ट होता 1 बार आणि टर्बोच्या आधीचा एक्झॉस्टचा दाब 2.4! सोलेनॉइड बाजूला करून हाताच्या व्हॅक्यूम पंपाने पाती जराशी उघडली. बूस्ट 0.95 वर आला आणि तो एक्झॉस्टचा मागचा दाब थेट 1.5 वर. पाच शतांश बूस्टसाठी इंजिनाच्या छातीवर जवळपास एक बारचं जास्तीचं ओझं होतं. बूस्ट गेजवर यातलं काहीच दिसत नाही.

आणि गंमत पुढेच आहे. आरपीएम वाढल्यावर पाती मिटत नेली तर एका हद्दीपर्यंत बूस्ट वाढतो. त्या पलीकडे इंजिनला धूरच बाहेर टाकता येत नाही, म्हणून नवी हवाही आत येत नाही, आणि बूस्ट उलट पडतो. कंट्रोलरला काय कळतं? बूस्ट पडला. मग तो पाती आणखी मिटतो. आणखी पडला, आणखी मिटतो. असल्या ठिकाणी गेन कमी करा नाही तर वाढवा, फरक काय पडणार?

भाचा इंजिनिअरिंगला आहे. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "मामा, बूस्ट बघून पाती हलवू नका. पाय किती दाबलाय आणि आरपीएम किती आहे, ते बघून हलवा." त्याने आर्डुइनोवर (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) तक्ता लिहून दिला. पंपाच्या लिव्हरला पोझिशन सेन्सर, आरपीएम अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून. पाय खोल आणि आरपीएम 1500 च्या आत, तर पाती जवळजवळ मिटलेली. पाय हलका असेल तर अर्ध्याहून जास्त उघडी. 2500 च्या पुढे पाय कसाही असो, उघडत न्यायची. बूस्ट सेन्सर आहेच, पण त्याला फक्त थोडी डागडुजी करायची मुभा, तक्त्याच्या वरखाली दहा टक्के. आणि बूस्टने मर्यादा ओलांडली की व्हॅक्यूम पूर्ण बंद, तिथे चर्चा नाही.

तक्ता भरताना मी बूस्टकडे कमी आणि मागच्या दाबाकडे जास्त बघितलं. तो बूस्टच्या दीडपटीच्या आत राहील अशा बेताने एकेक घर भरलं. मॅनिफोल्डमध्ये थर्मोकपल (एक्झॉस्टचं तापमान मोजणारा सेन्सर) आधीच होता. लांब चढावर 700 अंशांपुढे जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं. आधी ते सहज ओलांडलं जायचं, आता पाती उघडी असल्यामुळे त्याच चढावर काटा बराच खाली राहतो. घाटात गाडी एका दमात चढली तेव्हा मिस्त्रींनी मागे वळून भाच्याकडे बघितलं आणि "विषय हार्ड केलास की," म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे बरंच झालं.

हे आधी सांगायला हवं होतं: कंट्रोलरवर पैसे घालण्यापूर्वी हाताच्या पंपाने ॲक्च्युएटर तपासा. माझा रॉड साधारण 5 इंच पाऱ्याच्या व्हॅक्यूमला हलायला लागायचा आणि 17 ला पूर्ण आत यायचा. पण परत येताना त्याच जागी यायला 3 इंच जास्तीचे सोडावे लागायचे. पात्यांच्या रिंगवर काजळी चिकटल्याची ही खूण. उघडून साफ केल्यावर तो फरक जवळपास गेला. हात आखडला असेल तर आर्डुइनो काय करणार!

लिव्हरजवळचा छोटा स्टॉप स्क्रू रिकंडिशनवाल्याने फिरवला होता, रंगाची खूण मोडलेली दिसत होती. पाती कमीत कमी किती उघडी राहावीत हे तो ठरवतो. ते माप फ्लो बेंचवरच (हवेचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर) लागतं, डोळ्यांनी नाही. टर्बो ताब्यात घेताना ती रंगाची खूण बघून घ्या.

व्हॅक्यूम ब्रेकच्याच पंपातून घ्यावा लागतो, त्यामुळे मध्ये नॉन-रिटर्न (एकाच दिशेने हवा जाऊ देणारा) व्हॉल्व्ह पाहिजेच. ॲक्च्युएटरच्या बाजूला पाइप फुटला तरी ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम गेला नाही पाहिजे. ॲक्च्युएटरसाठी छोटी वेगळी टाकीही लावली, कारण घाटात ब्रेक दाबला की व्हॅक्यूम डुलायचा आणि त्याबरोबर पातीही.

बूस्टची मर्यादा ॲब्सोल्यूट दाबात (बाहेरच्या हवेचा दाब धरून) ठरवा, गेजच्या आकड्यात नको. महाबळेश्वर सुमारे 1,370 मीटर उंच, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण 15 टक्के कमी. गेजवर तोच 1 बार आणायला टर्बोला तिथे रत्नागिरीपेक्षा जास्त फिरावं लागतं. माझी हद्द 2 बार ॲब्सोल्यूट आहे. गॅस्केट जुनं आहे, म्हणून त्यापुढे जायची हौस नाही. पंपाचं डिझेलही वाढवलेलं नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीतल्या फेरफारांवर बंधनं आहेत. आरटीओत आणि विमा कंपनीत काय ते टर्बो विकत घेण्याआधीच विचारून घ्या.

आणि सोलेनॉइडचं हवा घेणारं तोंड उघडं ठेवू नका. कोकणातली लाल धूळ तिथे बसली की बूस्ट पुन्हा भटकायला लागतो आणि तुम्ही उगाच तक्ता बदलत बसता. मोटरसायकलचा छोटा इनलाइन पेट्रोल फिल्टर त्या तोंडाला चपखल बसतो.