केनियाला जाण्याआधीची आरोग्याची तयारी : नागपूरकरांसाठी काही अनुभव

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघे, म्हणजे मी, माझे यजमान, सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई आणि तेरा वर्षांचा मुलगा, नागपूरहून मुंबईमार्गे केनियाला जाऊन आलो. नैरोबी, मसाई मारा आणि शेवटी मोंबासाच्या दक्षिणेचा डायनी किनारा असा नऊ दिवसांचा कार्यक्रम होता. माऱ्यातील सिंह आणि नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे कळप यांची वर्णने पुष्कळांनी लिहिली आहेत, म्हणून त्यांत मी शिरत नाही. निघण्याआधीचे सहा आठवडे आम्ही लसी, गोळ्या आणि कागद यांत घालवले, त्यांचाच हा वृत्तांत आहे.

पहिला गोंधळ पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या, लशीवरून झाला. आमच्या सहल कंपनीच्या प्रतिनिधीने सांगितले की, भारतातून थेट येणाऱ्या प्रवाशाकडे केनियात या लशीचे प्रमाणपत्र मागत नाहीत, तेव्हा ती घेण्याचे कारण नाही. यातील पहिले अर्धे वाक्य खरे आहे. केनिया हे प्रमाणपत्र पीतज्वर असलेल्या देशांतून येणाऱ्यांकडे मागतो आणि भारत त्या देशांत मोडत नाही. परंतु केनिया स्वतः मोडतो, आणि त्यामुळे तेथून परतणाऱ्या प्रत्येकाकडे भारतात उतरल्यावर वैध प्रमाणपत्र मागितले जाते. ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. हे समजावून सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, “जायले लागत नाही अन् यायले लागते, हे कोनतं टोचणं बाई?”

प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर नागपूरकराला पटकन पटण्यासारखे आहे. पीतज्वराचा विषाणू आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, म्हणजे दर पावसाळ्यात आपल्या कूलरच्या टाकीत आणि कुंड्यांच्या बशांत वाढणारा, डेंग्यू देणारा तोच डास, आपल्याकडे मुबलक आहे. विषाणू घेऊन एखादा प्रवासी येथे उतरला, तर पुढचे काम करायला डास तयारच बसलेले आहेत. म्हणून सरकार या एका लशीबाबत इतके कडक आहे.

लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होते आणि जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालते; दर दहा वर्षांनी पुन्हा लस घेण्याचा नियम आता उरलेला नाही. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही, फक्त सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांतच मिळते. अशा केंद्रांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालय प्रसिद्ध करते. निघण्यापूर्वी ती पाहून केंद्रावर फोन करावा, कारण बहुतेक ठिकाणी वार ठरलेले असतात. याला लशीची कुपी कारणीभूत आहे. तिच्यात कोरडी पूड असते आणि एका कुपीत अनेकांचे डोस असतात. एकदा द्रव घालून ती विरघळवली की सहा तासांत वापरावी लागते, उरलेली फेकून द्यावी लागते. पुरेशी माणसे जमल्याशिवाय कुपी उघडत नाहीत, हा त्यांचा आळस नव्हे. आमच्या तारखांना जमणारी वेळ मुंबईच्या एका केंद्रावर मिळाली, म्हणून जुलैमध्ये रात्रीच्या गाडीने जाऊन आम्ही लस घेऊन आलो. मूळ पासपोर्ट जवळ असावा लागतो. झेरॉक्सवर काम होत नाही.

सासूबाईंच्या बाबतीत मात्र आम्ही थांबून विचार केला. ही जिवंत विषाणूंची लस आहे आणि साठीच्या पुढे पहिल्यांदाच ती घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांची शक्यता, मुळात फार कमी असली, तरी तरुणांपेक्षा अधिक असते. अंड्याची तीव्र ॲलर्जी, थायमस ग्रंथीचा आजार, कर्करोगावरील उपचार किंवा स्टेरॉइडचे मोठे डोस चालू असतील, तर ती साधारणतः देत नाहीत. सासूबाईंना मधुमेह आणि रक्तदाब आहे, यांतले काही नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी त्यांची सगळी कागदपत्रे पाहून होकार दिला, तेव्हाच त्यांचे तिकीट काढले. आधी तिकीट आणि मग डॉक्टर हा उलटा क्रम कोणी ठेवू नये. लस घेता येत नसल्याचे वैद्यकीय पत्र मिळू शकते, पण ते मान्य करायचे की नाही हे आपण जेथे उतरतो तेथील आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाती असते. लशीनंतर त्यांना दोन दिवस अंगदुखी आणि कणकण होती, तेवढेच.

खरी फजिती प्रमाणपत्राने केली. परतीच्या गाडीत, कसारा घाट मागे पडल्यावर, वेळ जावा म्हणून मी चारही पिवळी कार्डे, म्हणजे हीच प्रमाणपत्रे, पासपोर्टांशी ताडून पाहिली आणि यजमानांच्या कार्डावर पासपोर्ट क्रमांकातला एक आकडा चुकलेला दिसला. सहाच्या जागी शून्य होते. “पेनने करून टाकू,” असे ते सहज म्हणाले, पण कार्डावरच छापलेले होते की खाडाखोड किंवा अपुरी माहिती असल्यास प्रमाणपत्र अवैध ठरू शकते. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा मुंबईला गेले, केंद्राच्या नोंदवहीतली नोंद काढून घेतली आणि नवे कार्ड घेऊन आले. आमच्या हाती महिनाभर होता म्हणून हे जमले. तेव्हा केंद्राच्या दारातून बाहेर पडण्याआधीच नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, लशीचा बॅच क्रमांक, डॉक्टरांची हाताने केलेली सही आणि केंद्राचा शिक्का एवढे तपासावे. नुसत्या शिक्क्याने सहीचे काम भागत नाही.

बाकीच्या लसींत फारशी अडचण आली नाही. टायफॉइड, हेपटायटिस-ए आणि धनुर्वाताचा राहिलेला डोस नागपुरातच मिळाला. मुलाची दुसरी एखादी जिवंत लस बाकी असेल, तर ती पीतज्वराच्या लशीच्याच दिवशी किंवा चार आठवड्यांच्या अंतराने द्यावी लागते, हे वेळापत्रक आखतानाच डॉक्टरांना विचारून घ्यावे.

मलेरियावर लस घेऊन मोकळे होण्याची सोय प्रवाशाला नाही. गोळ्या घ्याव्या लागतात. नैरोबी उंचावर असल्याने तेथे धोका कमी आहे, किनाऱ्यावर मात्र तो बराच आहे, आणि आमचा शेवटचा मुक्काम नेमका तेथेच होता. डॉक्टरांनी यजमानांना आणि मला डॉक्सीसायक्लिन दिली. सासूबाईंना आणि मुलाला, त्याच्या वजनाच्या हिशेबाने, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल दिली. दोन्ही गोळ्या धोक्याच्या भागात शिरण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायच्या आणि रोज घ्यायच्या असतात, पण परत आल्यावर पहिली चार आठवडे चालू ठेवावी लागते आणि दुसरी सात दिवस. दुसरी महाग पडते, हा फरकही लक्षात घ्यावा. डॉक्सीसायक्लिनने त्वचा उन्हाला हळवी होते. मे महिन्यातले नागपूर सोसलेल्या माझ्यासारखीने ही सूचना हसण्यावारी नेली आणि डायनीच्या वाळूत दुसऱ्याच दिवशी मानेची साल निघाली. ही गोळी भरपूर पाण्यासोबत घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर घशाखाली जळजळते.

गोळ्या घेतल्या तरी डासांपासून जपावे लागतेच. मलेरियाचा डास रात्रीचा आणि एडिस दिवसाचा, त्यामुळे डीईईटी हे डास दूर ठेवणारे रसायन असलेले मलम दोन्ही वेळा लावावे, आधी सनस्क्रीन आणि वरून हे, या क्रमाने. जीपमध्ये गडद निळे आणि काळे कपडे टाळावेत, कारण चावणारी त्सेत्से माशी त्या रंगांकडे ओढली जाते. आमच्या मुलाने हट्टाने निळी जर्सी घातली होती आणि तिची किंमत पाठीवर मोजली. माऱ्यात ऑगस्टच्या पहाटे आपल्याकडच्या डिसेंबरएवढी थंडी असते, म्हणून लांब बाह्यांचे कपडे आणि स्वेटर तसेही लागतातच.

औषधांची पिशवी सासूबाईंनी स्वतःच्या देखरेखीखाली भरली. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवावे. विमानाच्या पोटातल्या सामानात ते गोठून निकामी होण्याची भीती असते. प्रत्येक औषध मूळ पाकिटात असावे आणि सोबत डॉक्टरांची, औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहिलेली चिठ्ठी असावी, कारण आपल्याकडचे ब्रँड तेथील औषधविक्रेत्याला माहीत नसतात. केनियाचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे, त्यामुळे इन्सुलिनच्या वेळा कशा सरकवायच्या हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतले होते. स्वाहिलीत औषधाला ‘दावा’ म्हणतात, हे कळल्यावर सासूबाईंना तो देश एकदम ओळखीचा वाटू लागला.

खाण्याचे सामान बांधताना एक गोष्ट विसरू नये. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांत एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक बाटल्याही चालत नाहीत. आम्ही चिवडा आणि संत्रा बर्फी स्टीलच्या डब्यांत नेली आणि प्रत्येकाच्या खांद्याला स्टीलची बाटली लावली. नळाचे पाणी दात घासायलाही वापरले नाही. तरीही नारोक गावाजवळ कापून ठेवलेले फळ खाल्ल्याने मुलाचे पोट बिघडलेच. नागपूरहून नेलेली ओआरएसची पाकिटे त्या रात्री दर अर्ध्या तासाला कामी आली. पाकिटावर लिहिलेल्या मापाएवढेच पाणी घ्यावे लागते, म्हणून एक लिटरची खूण असलेली बाटली सोबत असणे सोयीचे पडले.

विमा काढताना प्रवाशाला हवाई मार्गाने हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे पाहावे. माऱ्यापासून नैरोबी रस्त्याने पाच-सहा तासांवर आहे आणि गंभीर रुग्णाला तेथून विमानानेच नेतात. सासूबाईंचा मधुमेह आम्ही अर्जात लिहिला आणि त्यापोटी जास्त हप्ता भरला. लपवलेला आजार दावा फेटाळायला पुरेसा असतो. नैरोबीत अंधार पडल्यावर पायी फिरलो नाही, टॅक्सी हॉटेलातूनच मागवली आणि मोबाईल गाडीच्या उघड्या खिडकीशी धरला नाही. एवढ्यावर भागले.

परतताना मुंबईच्या विमानतळावर आरोग्य अधिकाऱ्यांनी चारही पिवळी कार्डे मागितली आणि यजमानांच्या नव्या कार्डावरचा क्रमांक पासपोर्टशी अंक-अंक जुळवून पाहिला. आमच्याच विमानातले एक जोडपे फोनवर कार्डाचा फोटो शोधत बाजूला उभे होते. मूळ कार्ड त्यांनी चेक-इन केलेल्या बॅगेत टाकले होते.

घरी आल्यावर बाराव्या दिवशी यजमानांना ताप भरला. ऑगस्ट संपत आलेला, घरोघरी डेंग्यू, त्यामुळे डॉक्टरांचा पहिला रोख तिकडेच गेला. आफ्रिकेतून आल्याचे आम्ही आपणहून सांगितल्यावर त्यांनी त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासले आणि अहवाल निरंक आला तरी दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तपासून घेतले. तो साधा विषाणूजन्य ताप निघाला. परतल्यानंतर वर्षभरात केव्हाही ताप आला तरी प्रवासाचा उल्लेख करा, असे सांगून त्यांनी चिठ्ठीवर सहलीच्या तारखा लिहून दिल्या; ती चिठ्ठी आम्ही पिवळ्या कार्डांसोबत एकाच पाकिटात ठेवली आहे.