चाक एक, फिरणं दोन
आज दोन तास मुलांसोबत फर्स्ट टेक चॅलेंज या शाळकरी मुलांच्या रोबॉट स्पर्धेच्या एकाच नियमावर गेले. बाजारातून घेतलेला तयार भाग एकाच तऱ्हेने हलणारा हवा. सरकती रेल चालते, गिअरबॉक्स चालतो. पण उघडमीट करणारा आणि शिवाय मनगटातून वळणारा तयार पंजा नाही चालत.

"मग मेकॅनमचं चाक?" आठवीतल्या एकीने रोबॉटला आडवंही सरकवणारं ते चाक टेबलावर ठेवलं आणि त्याच्या कडेवर ४५ अंशांत तिरका बसवलेला एकेक रोलर बोटाने फिरवून दाखवला. चाक फिरतं, रोलरही फिरतो. शंका अगदी रास्त! अशा चाकांना नियमातच सूट आहे, ती ओळही तिनेच शोधून काढली. इतकं बरं वाटलं!

पंजा आता मुलं स्वतःच बनवताहेत. निघताना पुठ्ठ्याचा पहिला नमुना टेबलावर होता, डिंक अजून ओला.