तिसऱ्या तारेवरचा मेलेला स्वर आणि सागवानी नेक

खानापूरजवळच्या आमच्या जुन्या घराचं छप्पर उतरवलं तेव्हा सागवानाचा एक वासा मी मागून घेतला होता. कौलांखाली दोन पिढ्या वाळलेला. त्याचा नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, आता माझ्या इलेक्ट्रिक गिटारवर बसला आहे.

एप्रिल. वखारीत वासा कापून तीन पट्ट्या काढल्या आणि मधली उलटी फिरवून चिकटवली, म्हणजे एकीने पीळ घेतला तर शेजारची तिला आवरते. सागवानात तेल असतं. चिकटवायच्या आधी दोन्ही अंगं थिनरने पुसा आणि लगेच जोडा. मी हे केलं नव्हतं, माझा पहिला जोड दोन दिवसांत उघडला. आणखी एक, या लाकडावर रंध्याचं पातं फार लवकर बोथट होतं. दर अर्ध्या तासाने धार लावत होतो. शेजारच्या सुतारमामांनी पट्ट्या हातात घेऊन बघितल्या आणि एक बाजूला काढली. "दांडी करायची तर ही नको बघ. गाठ हाय हितं, तिथंच वाकणार की." ती बदलली.

ट्रस रॉड म्हणजे तारांच्या ताणाने नेक वाकू नये म्हणून त्याच्या आत बसवायची सळी. त्यासाठी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवाल्याकडून 6 मिमी सळीला आटे पाडून घेतले. 10-46 गेजच्या (म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेल्या जाडीच्या) तारा सुरात लावल्या की नेकवर सगळ्या मिळून सुमारे 46 किलोचा ताण येतो. फेंडर कंपनीच्या 1950 च्या पहिल्या एस्क्वायर गिटारींना ट्रस रॉड नव्हता, तो लवकरच घालावा लागला. तेही मेपलच्या नेकला. नेकवरची बोटं टेकवायची पट्टी, फिंगरबोर्ड, जुन्या पलंगाच्या शिसवी फळीची.

जून. आता मुख्य गोष्ट. नेक स्क्रूने बसणारा असल्यामुळे जुना मेपलचा आणि नवा सागवानी, दोन्ही एकाच बॉडीवर लावून बघता आले. पिकअप (तारेची कंपनं पकडणारे चुंबक) तेच, तारा त्याच गेजच्या नव्या, तारांची उंची मोजून सारखी. धाकट्या भावाला पाठमोरं बसवून तेच कॉर्ड दहा वेळा ऐकवले. सहा वेळा बरोबर ओळखलं, म्हणजे अंदाजाने सांगावं तितकंच. 'मेपल म्हणजे चमकदार, महोगनी म्हणजे उबदार' हे आपण सगळेच बोलतो. पण ती महोगनी सहसा गिब्सन कंपनीच्या नेकमध्ये भेटते आणि तिथे हंबकर (दुहेरी कॉइलचा पिकअप), चिकटवलेला नेक, आखूड स्केल (तारेची वाजणारी लांबी) हे सगळं सोबत येतं. त्यातलं लाकडाचं श्रेय किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

फरक सापडला तो दुसरीकडे. मेपलच्या नेकवर तिसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी), म्हणजे सी हा स्वर, चार सेकंदांत विझायचा. हाच मेलेला स्वर. तिसरा फ्रेट मात्र दहा सेकंद घुमायचा. सागवानी नेकवर पाचवा नऊ सेकंद वाजला आणि विझायला लागला तो सातवा! नेक स्वतःच्या एका ठरावीक कंपनसंख्येला डोलतो. वाजलेला स्वर त्या संख्येशी जुळला की तारेची ताकद नेक ओढून घेतो.

मग हिशोब केला. हार्ड मेपल साधारण 700 किलो प्रति घनमीटर, सागवान 650 च्या आसपास आणि दोघांचा ताठपणा जवळपास सारखा. यातून नेकची कंपनसंख्या जेमतेम अडीच टक्के वर जाते. मेलेला स्वर पाचव्यावरून सातव्यावर गेला, आणि दोन फ्रेट म्हणजे बारा टक्के. उरलेले कुठून आले? व्हर्नियर लावला तेव्हा कळलं. जुना नेक पहिल्या फ्रेटपाशी 21 मिमी, माझा 23. जाडी साडेनऊ टक्क्यांनी जास्त आणि कंपनसंख्या जवळपास जाडीच्या प्रमाणात वाढते. मला हवा असलेला पाचवा फ्रेट दिला तो मुख्यतः दोन मिलिमीटरनी, सागवानाने थोडाच हात लावला. म्हणून नेकला लाकूड निवडताना मी आता जातीआधी लाकडाच्या सरळ रेषा, वजन आणि वाळलेपणा बघतो.

खात्रीसाठी हेडस्टॉकला, म्हणजे नेकच्या खुंट्यांकडच्या टोकाला, सुतारी क्लॅम्प अडकवला. टोकाला वजन वाढताच मेलेला स्वर सहाव्या फ्रेटवर उतरला. दोनदा काढून लावला, दोन्ही वेळा तेच.

जुलै. जांबोटीकडे पाऊस कोसळतोय आणि हवा इथंही ओलीच आहे. नेक थोडा पुढे झुकला, रॉडला पाव आटा दिल्यावर सरळ झाला. मागून एक मिलिमीटर रंधा मारायचा आहे. पण लाकूड फुगलेलं असताना नको. दसऱ्याच्या सुमारास मारेन, तेव्हा तिसऱ्या तारेचा प्रत्येक फ्रेट पुन्हा सेकंदात मोजून लिहितो.