टर्बो लावलेली जुनी पिकअप, मागे मिक्सर आणि कसारा घाट

आमचा धंदा स्लॅब टाकायचा. लिफ्टवाला मिक्सर पिकअपला टोचन करायचा, हौद्यात फळ्या, घमेली, व्हायब्रेटर भरायचा आणि ज्या गावचं काम असेल तिकडे निघायचं. पिकअप महिंद्राची, जुनी, २५२३ सीसीच्या डीआय इंजिनची, टर्बो नसलेली. सपाटीला तिने कधी कुरकुर केली नाही. पण मिक्सर वजनकाट्यावर दीड टनाच्या आसपास भरतो, आणि तो मागे घेऊन कसारा घाट चढायचा म्हणजे दुसऱ्या गिअरला ताशी १२ ते १५, मागे काळ्या धुराचा पडदा, तापमानाचा काटा वर आणि वाटेत दोनदा थांबून बॉनेट उघडणं ठरलेलं. यंदा दिवाळीनंतर घाटाखालच्या खर्डीचं काम आलं तेव्हा ठरवलं, ह्या वेळी टर्बो लावूनच जायचं. गेलो, आलो. ज्यांच्या दारात अशी गाडी आहे आणि जे हाच विचार करताहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट कागदाची. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून मी आधी नाशिकला पेठ रोडच्या आरटीओत लेखी अर्ज दिला, विमा कंपनीलाही लेखी कळवलं, आणि मंजुरीचा कागद हातात पडल्यावरच गाडीला पाना लावू दिला. मला मिळाली म्हणून तुम्हालाही मिळेल असं धरून सामान विकत घेऊन ठेवू नका. नाही म्हणाले तर तिथेच थांबायचं. अपघात झाला आणि विम्याने हात वर केले तर मिक्सर, गाडी, घर सगळं जातं.

आता टर्बोच का, ते सांगतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्के विरळ. साधं इंजिन स्वतःच्या ताकदीने जेवढी हवा ओढेल तेवढंच डिझेल त्याच्या पोटात नीट जळतं, उरलेलं काळा धूर होऊन बाहेर पडतं. टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र ताजी हवा दाबून इंजिनात भरतं. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारी ही वस्तू तेलाच्या पातळ थरावर तरंगत असते. तेल चुकलं की ती गेली, हे डोक्यात पक्कं ठेवा.

आमच्या गाडीचं एक बरं आहे. ह्याच २५२३ सीसीच्या इंजिनाला कंपनीने स्वतः टर्बो लावून ते ६३ अश्वशक्तीचं करून बोलेरोत दिलं होतं. त्यामुळे मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करून टर्बोकडे नेणारा ओतीव पाईप), टर्बो, तेलाच्या नळ्या असा पूर्ण सेट जुन्या बाजारात मिळतो. दुसऱ्याच कुठल्या गाडीचा टर्बो आणून वेल्डिंगने मॅनिफोल्ड बनवायच्या भानगडीत पडू नका. ओतीव लोखंडाचं वेल्डिंग घाटाच्या उष्णतेत तडकतं. जुना टर्बो घेताना तोंडाचा पाईप काढून चक्राचा दांडा बोटांत धरून हलवा. आडवा किंचित हलला तर चालतो, तेल भरलं की तो बसतो. पण आत-बाहेर सरकला, किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर फुकट दिला तरी घेऊ नका.

मिस्त्री म्हणाले, “भाऊ, टर्बो बसवणं अर्ध्या दिवसाचं काम आहे. बाकीचं मात्र चार दिवसांचं.” तसंच झालं. तेलाचा परतीचा पाईप जाड हवा, सरळ उतरता हवा, आणि चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, तेलाच्या पातळीच्या वर उघडायला हवा, कारण तिथून तेल नुसतं वजनाने खाली येतं. त्यासाठी चेंबर उतरवून लेथवाल्याकडून पाईप जोडायचं तोंड बसवून घेतलं. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट नवी टाकली, कारण जास्तीची ताकद आधी जुन्या क्लचला सोलते. रेडिएटर उघडून रॉडिंग केलं, म्हणजे आतल्या नळ्या सळई घालून साफ केल्या. मागचे ब्रेक लायनर बदलले. एकूण अठ्ठेचाळीस हजार गेले, त्यातले टर्बोच्या सेटचे फक्त चौदा. हे ऐकून ज्यांना वाटतं की चौदा हजारांतच काम उरकावं, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की मग लावूच नका.

दोन घड्याळं मात्र मी हट्टाने लावली: एक हवेच्या दाबाचं, दुसरं टर्बोच्या तोंडाशी धूर किती गरम आहे ते दाखवणारं. टर्बोसाठी न बनवलेल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन जास्त असतं, पिस्टनला खालून तेलाचा फवारा मिळेलच असं नाही, हेड पॅकिंगही जुनं. अशा इंजिनाला अर्ध्या बारच्या वर दाब द्यायचा नाही आणि धूर ७०० अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही, असं आम्ही ठरवलं. इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पंपाच्या मिस्त्रीने डिझेल वाढवून देऊ का म्हणून विचारलं होतं. पहिले पंधरा दिवस अजिबात वाढवलं नाही. तेवढ्यानेही धूर गेला आणि इंजिन थंड चालू लागलं, ताकद मात्र थोडीच वाढली. मग पंप टेस्ट बेंचवर चढवून किंचित वाढवलं. डिझेल वाढवलं की गाडी उडते, हे खरं आहे. पिस्टनही त्याच डिझेलने वितळतात. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन रस्त्यातच पंपाचा स्क्रू फिरवणाऱ्याला गाडीजवळ उभं करू नका.

पहिल्यांदा चालू करताना टर्बोच्या तेलाच्या भोकात हाताने तेल ओतलं, डिझेल बंद ठेवून नुसता स्टार्टर मारत राहिलो, आणि तेलाचा दिवा विझल्यावरच इंजिन सुरू होऊ दिलं. हे विसरलात तर नवा टर्बो पहिल्या मिनिटातच खराब होतो.

खर्डी नाशिकपासून पाऊणशे किलोमीटर. पहाटे साडेचारला चुलतभाऊ आणि मी निघालो, माणसं दुसऱ्या गाडीने मागून येणार होती. मिक्सरची चाकं वेगासाठी नसतात, ताशी ३० च्या वर मी कधी नेत नाही. पाथर्डी फाटा, विल्होळी, वाडीवऱ्हे, गोंदे, सगळं अंधारातच गेलं. घोटीला चहा घेतला आणि मिक्सरच्या चाकांच्या हबवर हात ठेवून पाहिला. हात टेकवता आला पाहिजे. नाही टेकवता आला तर बेअरिंग ग्रीस मागतंय. ड्रॉबारची (मिक्सर ओढायच्या दांड्याची) पिन, तिची खिट्टी, फुलीसारख्या आडव्या बांधलेल्या दोन साखळ्या आणि मिक्सरच्या मागचा लाल दिवा, एवढं प्रत्येक थांब्याला बघायचं. उजाडलं तेव्हा दोन्हीकडे भाताची सोंगणी चालू होती, कापलेल्या भाताचा वास गाडीत येत होता.

जाताना घाट उतरायचा असतो, आणि माझ्या मते धोका ह्या बाजूला जास्त आहे. इंजिनाला टर्बो लागला तरी मिक्सरला ब्रेक लागलेला नसतो. दीड टन मागून ढकलत असतात. इगतपुरीच्या पुढे उतार सुरू व्हायच्या आधीच गाडी दुसऱ्यात टाकली आणि खाली सपाटी येईपर्यंत गिअरला हात लावला नाही. ब्रेक दाबायचा तो थोडा वेळ, जोरात, मग सोडायचा. पाय ठेवून घासत राहिलात तर अर्ध्यातच ड्रम तापून ब्रेक पायाखालून जातो. आधीच्या चढाच्या कष्टांमुळे आपण सगळे चढाचाच विचार करतो, पण अठ्ठेचाळीस हजारांतले मला सर्वांत आधी खर्च करावेसे वाटले ते लायनरचे होते.

आठच्या सुमारास खर्डीला पोचलो. स्लॅब संध्याकाळी पाचला संपला. मिक्सर धुवून तिथेच मुक्काम केला. थकलेल्या अंगाने आणि ट्रकच्या गर्दीत घाट चढायचा नाही, हा आमचा जुना नियम आहे.

दुसऱ्या दिवशी सहाला लतीफवाडीच्या पुढे चढ लागला. कसाऱ्याहून इगतपुरीला रेल्वेमार्ग सुमारे ३०० मीटर चढतो, चढ १:३७ चा, आणि तिथे गाड्यांना अजून मागून बँकर इंजिनं लावतात. लहानपणी वडिलांबरोबर येताना मी ती इंजिनं मोजायचो. आमच्या पिकअपला असं मागून कुणी लावत नाही म्हणून वाईट वाटायचं. ह्या वेळी गाडी तिसऱ्यात, ताशी २२ ते २५ ने चढत होती. बॉनेटखालून बारीक शिट्टी, आरशात मागचा रस्ता स्वच्छ दिसतोय. दाब ०.४, धूर ६२० अंश. भाऊ म्हणाला, “दादा, पाणी तापलं नाही रे अजून!” मला खरंच भरून आलं.

निम्म्या घाटात फट्‌ असा आवाज आला. शिट्टी बंद, ताकद गेली, मागे काळा लोट. मी लगेच पाय काढून रुंद जागेत गाडी कडेला घेतली. भावाने उतरून आधी गाडीच्या आणि मग मिक्सरच्या चाकांमागे दगड लावले, मागे त्रिकोण ठेवला. टर्बोकडून इंजिनात जाणारा रबरी पाईप निसटला होता. गॅरेजमध्ये तिथे रेडिएटरचा साधा हौज आणि साधी क्लिप लावली होती, आणि मीही निघण्याआधी ते पाहिलं नव्हतं. पाण्याच्या हौजला गरम हवेचा दाब सोसत नाही. आत कापडाचे थर असलेला सिलिकॉनचा हौज, टोकाला उंचवटा काढलेला पाईप आणि बोल्टने आवळायची रुंद क्लिप, हे तीन एकत्र हवेत. आम्ही तेल पुसून, पाईप आत ढकलून, जवळ ठेवलेल्या दोन क्लिप आवळल्या आणि उरलेला घाट अर्ध्या ॲक्सिलरेटरवर, ०.२ च्या पुढे दाब न जाऊ देता चढलो. सुट्या क्लिप, स्क्रू-ड्रायव्हर, दोन लिटर इंजिन ऑइल आणि पाण्याचे दोन कॅन घेतल्याशिवाय निघू नका. असा पाईप निसटला तर ॲक्सिलरेटर तुडवत पुढे जाऊ नका. हवा नाही आणि डिझेल मात्र पूर्ण, अशा वेळी धूर भयंकर तापतो.

घाटनदेवीला थांबलो. इंजिन लगेच बंद केलं नाही, तीन मिनिटं मंद चालू ठेवलं. लाल झालेल्या टर्बोतलं तेल जागच्या जागी थांबलं तर त्याचा कोळसा होऊन बेअरिंगचा रस्ता बुजतो. देवीला नमस्कार करून आलो तरी ही सवय भावाच्या अंगी बाणवायला मला अजून आठवडा लागेल, कारण गाडी थांबली की किल्ली फिरवायची असा त्याचा हात आहे. डिपस्टिकवर तेल तेवढंच होतं, जोडांना कुठे ओल नव्हती.

डिझेलचं विचाराल तर ह्या फेरीत फारसा फरक दिसला नाही. वाचला तो वेळ आणि वाचलं ते इंजिन. पावसाळ्यात धुक्यात हा घाट मिक्सर घेऊन मी करणार नाही, टर्बो असो वा नसो.

साडेनऊला घरी. दुपारी इंजिन पूर्ण थंड झाल्यावर मॅनिफोल्डचे नट पुन्हा आवळले. आठपैकी तीन नट पाव-पाव फेरा फिरले. सिलिकॉनचा हौज दुसऱ्या दिवशी आणून बसवला. तेल आता निम्म्या अंतरावर बदलायचं ठरवलंय, तारीख आणि किलोमीटर खडूने बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलेत.