नोकरी गेली, पण राजीनामा दिला नाही

रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२० मध्ये कर्जाच्या हप्त्यांना दिलेली सवलत ३१ ऑगस्टला संपली आणि सप्टेंबरच्या सुरुवातीलाच यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, कंपनीत माणसं कमी करायला घेतली. घराचा हप्ता ६,२०० रुपये, यांचा पगार १७,०००. घरात सासूबाई, आठवीतली मुलगी, पाचवीतला मुलगा. राहणं नागपूरजवळ वानाडोंगरीला. हिंगणा एमआयडीसीत सायकलनं ड्यूटीवर जाता यावं म्हणूनच ते घर घेतलं होतं.

कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवायची. मंदी काही कोरोनानं आणली नाही, ती २०१९ मध्येच जाणवायला लागली होती. गाड्यांचा खप पडला, आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग रात्रपाळी. लॉकडाऊननंतर जूनमध्ये गेट उघडलं तेव्हा अर्ध्याच माणसांना बोलावणं आलं. हे अकरा वर्षांचे जुने फिटर, म्हणून त्यात होते.

मग एक दिवस ऑफिसात बोलावून टाइप केलेला कागद पुढे ठेवला. "वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे." सोबत तोंडी आश्वासन: सही करा, हिशेब लगेच होईल, काम वाढलं की तुम्हालाच आधी बोलावू. यांनी "घरी विचारून सांगतो" म्हटलं आणि कागदाचा मोबाइलवर फोटो काढून आणला.

आमच्या गल्लीत एक काकाजी राहतात, जन्मभर युनियनमध्ये काम केलेले. फोटो पाहिल्याबरोबर ते म्हणाले, "सही करू नोका. काढायचं असन तर कंपनीनं काढल्याचं पत्र द्यावं." यांचं म्हणणं, "पण काकाजी, सही केली नाही तर हिशेब अडवतील ना जी." त्यावर काकाजींनी जे समजावलं ते मला प्रत्येक कामगाराच्या घरात पोचायला हवं असं वाटतं, म्हणूनच हे लिहिते आहे.

पीएफ आपलाच असतो. पाच वर्षं नोकरी झाली की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या वर्षांवर मालकानं द्यायची रक्कम, तीही आपली, राजीनामा दिला तरी मिळते. म्हणजे सहीच्या बदल्यात जो हिशेब द्यायला निघाले होते, तो सही न करताही द्यावाच लागणार होता. राजीनाम्यानं जातं ते वेगळंच. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५ एफप्रमाणे वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागायचा, शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून. स्वतःहून राजीनामा दिला की हा हक्क संपला. ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, बेकारी मदतही स्वखुशीनं काम सोडणाऱ्याला नाही.

यांनी सही केली नाही. दुसऱ्या दिवसापासून गेटवर आत घेईनात. पत्रही देईनात. यांच्यासोबतच्या बऱ्याच जणांनी तोवर सह्या केल्या होत्या आणि त्यांना मी अजिबात दोष देत नाही. घरात महिन्याचा किराणा नसताना समोर चेक दिसला तर माणूस काय करेल? कामगार आयुक्त कार्यालयात आम्ही लेखी तक्रार दिली. हजेरी कार्ड, पगाराच्या पावत्या, ईएसआयचं कार्ड आणि त्या राजीनाम्याचा फोटो, सगळं जोडलं. सरकारी कामगार अधिकाऱ्यांनी कंपनीला बोलावलं. पहिल्या तारखेला कंपनीकडून कोणी आलंच नाही. पुढच्या तारखेला आले आणि "हे स्वतःच येत नाहीत" म्हणाले. तेव्हा तो फोटो कामी आला. शेवटी ऑक्टोबरात कामावरून कमी केल्याचं पत्र हातात पडलं. नोटिशीचा पगार आणि भरपाई मात्र दिवाळीनंतर, दोन हप्त्यांत.

ग्रॅच्युइटीसाठी नमुना आयमध्ये वेगळा अर्ज केला आणि पोच घेतली. हिशेब कोणालाही घरी करता येतो: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. यांचं मूळ आणि भत्ता मिळून ११,०००, वर्षं ११, म्हणजे ६९,८०८ रुपये. मालकानं ती ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर सरळव्याजासकट. हा आकडा अर्जात आम्हीच लिहिला होता, त्यामुळे घासाघीस झाली नाही.

हे सगळं येईपर्यंतचे महिने कसे काढले, ते सांगते. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात गळ्यातली एकदाणी काढून माझ्यासमोर ठेवली. "इतवारीत गहाण ठेवून ये, पोट्ट्यांचं अडू नये." मी ती त्यांच्या गळ्यात परत घातली, कारण तोवर आम्ही एक गोष्ट ठरवली होती. कुणाकडून काही उचलण्याआधी आपलं स्वतःचं कुठे कुठे काय आहे ते मोजायचं. महिला बचत गटाचं कर्ज महिना दोन टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला २४ टक्के. पीएफवर त्या वर्षी साडेआठ टक्के व्याज मिळत होतं. म्हणजे आपल्याच पीएफमधून थोडं काढलं तर तेवढ्याच व्याजाला मुकायचं, गटाकडून घेतलं तर जवळपास तिप्पट भरायचं.

कोरोनासाठी पीएफमधून खास उचल मिळत होती: तीन महिन्यांचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता किंवा शिल्लक रकमेच्या ७५ टक्के, यातलं जे कमी असेल ते. आम्हाला ३३,००० बसत होते. अडचण जन्मतारखेची. कंपनीनं पीएफमध्ये लिहिलेली आणि आधारवरची तारीख जुळेना. एप्रिल २०२० मध्ये पीएफ कार्यालयानं नियम सैल केला होता. फरक तीन वर्षांपेक्षा कमी असेल तर आधारवरचीच तारीख ग्राह्य. मुलीनं मोबाइलवरून दुरुस्तीचा अर्ज भरला, मग उचलीचा. पैसे आल्यावर आधी विजेचं बिल, मग तेल आणि गहू.

नातेवाइकांचा आग्रह होता की दोन महिने उलटले की सगळा पीएफ काढा, घराच्या कर्जात भरा. तेव्हा नियमानं तसं करता येत होतं. आम्ही केलं नाही. दहा वर्षांच्या वर सेवा झाली की पेन्शनचा हक्क लागतो आणि यांना पुढे कुठेतरी नोकरी लागणारच होती. म्हातारपणाचा पैसा चाळिशीत संपवायचा नाही, यावर आमच्या दोघांचं एकमत होतं. मला अजूनही तो निर्णय सगळ्यात बरोबर वाटतो.

ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना मात्र फार कमी जणांना माहीत होती. आधी त्यात सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मिळायचे, कोरोनाच्या काळात ते ५० टक्के केले. जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी आणि आयुष्यात एकदाच. नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी अर्ज करता येत होता, थेट शाखा कार्यालयात, कंपनीमार्फत जाण्याची गरज नव्हती. अर्जासोबत आधार आणि पासबुकाची झेरॉक्स, आणि आम्ही ते कामावरून कमी केल्याचं पत्रही लावलं. सगळं मिळून पंचवीस हजारांच्या थोडं आत आलं. रक्कम मोठी नाही, पण हात पसरून मिळालेली नव्हती. यांच्या पगारातून दर महिन्याला कापलेल्या वर्गणीचीच होती, आणि घरात त्याचा मान वेगळा होता.

तेच पत्र बँकेतही लागलं. हप्त्यांची सवलत संपली तरी ६ ऑगस्ट २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानं कर्जाची फेररचना करून घेता येत होती. अट अशी की १ मार्चला खातं ३० दिवसांपेक्षा जास्त थकलेलं नको, आणि ३१ डिसेंबरच्या आत प्रकरण मार्गी लागायला हवं. शाखेत पहिल्यांदा "असं काही नसतं" ऐकायला मिळालं. लेखी अर्ज दिल्यावर, पत्र जोडल्यावर मार्ग निघाला. सहा महिने हप्ता थांबला. व्याज चढत राहिलं, मुदत वाढली, म्हणजे ही सवलत फुकट नव्हती. पण घरावर नोटीस लागली नाही.

घरखर्चात काय कापलं हे विचारणाऱ्या बायका पुष्कळ भेटतात. आमचं कार्ड केशरी, प्राधान्य यादीत नाव नाही, त्यामुळे मोफत धान्य नव्हतं. काटोलकडून दिरांनी तुरीची डाळ आणि ज्वारी पाठवली. आठवड्यातून दोनदा झुणका-भाकर, कधी आंबाडीची भाजी. दूध अर्ध्यावर आणलं, पण मुलांच्या मोबाइलचा रिचार्ज थांबवला नाही, शाळा त्याच्यावरच होती. मी ब्लाउज आणि फॉल-पिकोचं काम वाढवलं. मुलांना पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं. मुलीनं त्यानंतर स्वतःहून सगळे अर्ज भरायची जबाबदारी घेतली.

यांना सर्वात जड गेलं ते सकाळी घरी बसणं. चिडचिड करत नसत, पण जेवण कमी झालं होतं. नोव्हेंबरात गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले आणि हिंगणा तालुक्यातल्या गावांत शेतातल्या मोटारी जळायला लागल्या. फिटरचा हात होताच. कोणाची मोटर दुरुस्त केली, कोणाचा स्टार्टर. मिळकत कधी पाचशे, कधी काहीच नाही, पण माणूस परत नीट जेवू लागला. पुढच्या वर्षी बुटीबोरीत नोकरी लागली, पगार १४,०००. जुन्याच यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफच्या नंबरवर, पीएफ सुरू झाला, म्हणून अकरा वर्षांची सेवा पुढे जोडली गेली.

आता यातले बरेच नियम बदललेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, आणि नोकरी गेल्यावर पीएफ कधी, किती काढायचा हेही त्याच वर्षी ऑक्टोबरात नव्यानं ठरलं. कोरोनाची उचल आणि ती फेररचना तर त्या काळापुरतीच होती. तेव्हा माझे आकडे धरून चालू नका. तुकडोजी चौकाजवळच्या पीएफ कार्यालयात आणि ईएसआयच्या शाखेत विचारून घ्या. जाताना पगाराच्या पावत्या आणि कंपनीचं पत्र सोबत ठेवा, आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.