डिले संपेना

हिंगणा रोडवरच्या आमच्या कॉलेजात ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचं प्रॅक्टिकल आता बहुतेक सिम्युलेटरवरच होतं. खऱ्या चिपची किट कपाटात आहेत, पण बऱ्याच कळा दाबल्या जात नाहीत. शिवाय एप्रिलच्या दुपारी कूलरच्या घरघरीत पोरांना एकेक हेक्स कोड भरायला लावणं माझ्या जिवावर येतं.

काम साधं होतं: आउटपुट पोर्टवर आकडे बदलत दाखवायचे, मध्ये थोडा डिले, म्हणजे मुद्दाम काढलेला वेळ. एका पोरानं हात वर केला. "सर, माझं ०५ च्या पुढं जाऊनच नाही राहिलं. सिम्युलेटर हँग झालं वाटते."

शेजारची मुलगी म्हणाली, "माझं ०० येते, ०१ येते, मंग तिथंच अटकते. अन् डिले तर मी याचाच घेतला."

हे ऐकून मी खुर्ची ओढून बसलो. डिले एकच, त्याच्याकडे पहिल्याच वेळी अडकतो, तिच्याकडे एकदा सुटतो नि मग अडकतो. यात हँगबिंग काही नव्हतं.

डिलेचं सबरुटीन, म्हणजे कॉल करून वापरायचा तुकडा, चार ओळींचं. एलएक्सआयनं बी आणि सी या रजिस्टरांच्या जोडीत एफएफएफएफ (हेक्समधला ६५,५३५) भरायचं, मग डीसीएक्स बी नं त्यातून एक कमी, झेड फ्लॅग (निकाल शून्य आला की सेट होणारी खूण) सेट नसेल तोवर जेएनझेडनं मागं, शेवटी रेटनं परत. म्हणजे ६५,५३५ फेऱ्या. सिंगल स्टेपनं त्या बघायच्या तर सेमिस्टर संपेल, म्हणून तिथं ०००३ टाकायला लावलं आणि सांगितलं, आता नजर फ्लॅगवर ठेवा. ०००२. ०००१. ००००. झेड जागचा हलला नाही. पुढच्या स्टेपला बीसी एफएफएफएफ झालं आणि चक्र पुन्हा सुरू.

"शून्य झालं तरी झेड सेट काऊन नाही झाला, सर?"

कारण डीसीएक्सचं काम एएलयूकडे, म्हणजे आकडेमोडीच्या भागाकडे, जातच नाही. पत्ते एकानं वाढवायला-घटवायला चिपमध्ये १६ बिटांचं वेगळं सर्किट आहे. ही वजाबाकी तेच उरकतं, आणि फ्लॅगना त्याची खबरही लागत नाही. एकाच रजिस्टरमधून एक कमी करणारं डीसीआर मात्र एएलयूतून जातं, म्हणून तिथं झेड बदलतो. इन्स्ट्रक्शनच्या तक्त्यात ही एक ओळ असते. पोरं ती व्हायवापुरती पाठ करतात.

मग मुलीचा डिले एकदा सुटला कसा? ते तिनंच हुडकलं. तिचा प्रोग्रॅम एक्सआरए ए नं सुरू होत होता, म्हणजे ए रजिस्टर शून्य आणि झेड सेट. पुढं आउट, कॉल, एलएक्सआय यांतलं कुणीच फ्लॅगला हात लावत नाही, त्यामुळे तो सेट झेड तसाच डिलेत शिरला आणि पहिल्याच जेएनझेडला बाहेर पडला. ०० चं ०१ क्षणात झालं होतं, कुणाच्या ध्यानातच आलं नाही. नंतर आयएनआर ए नं आकडा एकानं वाढवताना झेड उतरवला, आणि तीही अडकली.

दुरुस्ती नेहमीचीच: डीसीएक्सनंतर मूव्ह ए, सी आणि ओआरए बी, म्हणजे सी ची नक्कल ए मध्ये घ्यायची आणि तिचा बी शी ऑर करायचा. दोन्ही बाइट शून्य असतील तरच झेड सेट होतो. पोराचे आकडे ०५ पासून ०१ पर्यंत मुकाट उतरले. मुलीच्या स्क्रीनवर मात्र ०१, ०१, ०१.

"आता काय झालं बाप्पा!"

मी सांगितलं नाही. तिचा आकडा ए मध्ये होता, आणि नव्या डिलेतून बाहेर येताना ए दर वेळी शून्य. पोरानं आकडा डी मध्ये ठेवला होता म्हणून तो वाचला. यात हुशारी कमी, नशीब जास्त. थोड्या वेळानं तिनं सबरुटीनच्या तोंडाला पुश पीएसडब्ल्यू (ए आणि फ्लॅग जपून ठेवायला) आणि रेटच्या आधी पॉप पीएसडब्ल्यू (ते परत घ्यायला) लिहिलं. आकडे सरळ चढू लागले.

"किटवर हे किती वेळ थांबेल, सर?"

सिम्युलेटरचा वेग त्यासाठी कामाचा नाही, टी-स्टेट, म्हणजे क्लॉकचे ठोके, मोजाव्या लागतात. डीसीएक्सच्या सहा, मूव्हच्या चार, ओआरएच्या चार आणि जेएनझेडच्या दहा, म्हणजे एका फेरीला २४. ३ मेगाहर्ट्झला ८ मायक्रोसेकंद. एफएफएफएफ भरलं तर अर्ध्या सेकंदाच्या किंचित वर. तिला सेकंदभर थांबायला हवं होतं. तिनं कॉल दोनदा लिहिला आणि जर्नल सहीला पुढं केलं.